गुरांच्या बाजाराशेजारचा कॉफी पॅलेस

वाचक विचारतात : जुनी घरं, जुनी बांधकामं

ह्या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून बरेच प्रश्न आले, पण अमळनेरच्या एका गुरुजींनी फोटोसकट जो प्रश्न पाठवला तो मी आमच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसात त्याच इमारतीवर आणखी चारजणांनी विचारलं, म्हणून ह्या वेळचा सगळा कॉलम तिलाच दिलाय. घरकुलाच्या स्लॅबबद्दलचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार सर. मी अमळनेरचा, हायस्कूलमधून रिटायर झालेला मास्तर. मुलगी जावई इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ राहतात, मागच्या वर्षी आम्ही दोघं तीन महिने राहून आलो. एका रविवारी जावईबापूंनी न्यूअर्क नावाच्या गावाला नेलं. नदीकाठी पडका किल्ला आहे आणि त्याच्यासमोर रस्त्यापलीकडे एक मोठी जुनी इमारत, खाली वीटकाम, वर लाकडाच्या चौकटी, भिंतीतून बाहेर आलेल्या खिडक्या, छपराला त्रिकोणी माथे. आमच्या सौ. म्हणाल्या, "हाई काय शे, राजवाडा शे का?" जावईबापू म्हणाले जुनं हॉटेल आहे, चारशे वर्षांपूर्वीचं असेल. पण नाव म्हणे कॉफी पॅलेस. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कॉफी कुठून आली असेल हा विचार काही डोक्यातून जात नाही. फोटो सोबत जोडलाय. (अमळनेरहून एक वाचक)

उत्तर : गुरुजी, तुमची शंका एकदम बरोबर आहे. कॉफीची दुकानं इंग्लंडात सुरू झाली १६५० च्या आसपास, आधी ऑक्सफर्डला आणि १६५२ मध्ये लंडनला, त्यामुळे चारशे वर्षांचा हिशोब तिथंच तुटतो. तुमच्या फोटोतली इमारत म्हणजे ऑसिंग्टन कॉफी पॅलेस आणि ती बांधली १८८२ मध्ये. जावईबापूंना मात्र बोल लावू नका, कारण ती चारशे वर्षांची वाटावी म्हणूनच तशी बांधलेली आहे, आणि का बांधली हे कळलं की इमारत पूर्ण कळते.

ज्या रस्त्यावर ती आहे त्याचं नाव बीस्ट मार्केट हिल, म्हणजे आपल्या भाषेत गुरांच्या बाजाराची चढण. न्यूअर्क हे बाजाराचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी गुरं, धान्य घेऊन यायचे, सौदा करायचे. आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा झाला की दोघं व्यापारी चहाच्या टपरीवर जाऊन बसतात, तिथं ते बसायचे बिअरच्या दुकानात, म्हणजे पबमध्ये. आणि न्यूअर्क तर माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणलेलं धान्य, आणि बिअर बनवणारंच गाव, त्यामुळे बाजाराच्या दिवशी गाईचे पैसे खिशात घेतलेला माणूस संध्याकाळी घरी किती पैसे घेऊन पोचायचा हे वेगळं सांगायला नको, आपण आपल्या गावात पाहतोच.

एकोणिसाव्या शतकात तिकडे दारूविरोधी चळवळ मोठी उभी राहिली. १८३२ मध्ये प्रेस्टन गावात जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सोबत्यांनी दारूला अजिबात शिवणार नाही अशी शपथ घेतली, तिथून ती जोर धरत गेली. तुम्ही टूर कंपनी म्हणून ज्या थॉमस कुकचं नाव ऐकलं असेल तोही ह्याच चळवळीतला माणूस. ५ जुलै १८४१ ला त्यानं लेस्टरहून लफबरोला साधारण पाचशे माणसांना रेल्वेनं नेलं ते कुठं फिरायला नाही, दारूबंदीच्या सभेला, एका शिलिंगात. न्यूअर्कपासून हा भाग काही फार लांब नाही.

आता ऑसिंग्टन हे नाव कुठून आलं. जॉन एव्हलिन डेनिसन नावाचे गृहस्थ १८५७ ते १८७२ इंग्लंडच्या लोकसभेचे, हाऊस ऑफ कॉमन्सचे, स्पीकर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना व्हायकाउंट ऑसिंग्टन हा किताब मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, ते वारले. त्यांच्या पत्नी लेडी शार्लट, पोर्टलंडच्या ड्यूकची, म्हणजे बड्या सरदाराची, मुलगी. १८७९ मध्ये त्यांचे भाऊ, पाचवे ड्यूक, गेले. हे तेच ड्यूक ज्यांनी ह्याच जिल्ह्यात वेलबेक अ‍ॅबी ह्या आपल्या वाड्याला जमिनीखाली बोगदे आणि दालनं खणून घेतली होती, तो एक वेगळाच लेख होईल. तर भावाची लंडनमधली मोठी मालमत्ता बहिणींकडे आली, लेडी ऑसिंग्टन ह्यांच्या हातात भरपूर पैसा आला आणि त्यांनी न्यूअर्कमध्ये गुरांच्या बाजाराशेजारी, बिअर बनवणाऱ्या गावात, दारू न विकणारं हॉटेल बांधलं. नुसती पाटी लावलेली खोली नाही बरं का, चांगलं मोठं, खर्चिक, त्या काळच्या लंडनच्या नावाजलेल्या आर्किटेक्टकडून, अर्नेस्ट जॉर्ज आणि हॅरोल्ड पेटो ह्यांच्याकडून.

मला ह्या इमारतीत सगळ्यात जास्त आवडतं ते तिचं प्लॅनिंग. बाईंनी आणि आर्किटेक्टनी आधी नीट पाहिलेलं दिसतं की माणूस पबमध्ये का जातो. फक्त प्यायला जात नाही. पबमध्ये शेगडी पेटलेली असते आणि बाहेर पाऊस थंडी. तिथं बसायला बाक मिळतो, पेपर वाचायला मिळतो, चार ओळखीची माणसं भेटतात, घोडा बांधायला जागा मिळते, रात्र झाली तर वर झोपायला खोली. म्हणजे दारू हा एक आयटम आणि बाकी सहा सोयी. मग दारू सोडून त्या सहाही सोयी इथं दिल्या. कॉफी प्यायची मोठी खोली, वाचनाची खोली, सभेचा हॉल, बिलियर्डची खोली, मुक्कामाच्या खोल्या, आणि घोड्यांसाठी तबेले. तबेला हा तर कळीचा मुद्दा, कारण शेतकऱ्याचा घोडा जिथं बांधला जाईल तिथंच शेतकरी बसणार, हे सारंगखेड्याला कोणीही सांगेल.

पॅलेस हे नावही तसंच. लंडनमध्ये १८३० नंतर आरसे, गॅसचे दिवे, नक्षीदार काचा लावलेली दारूची दुकानं निघाली होती, लोक त्यांना जिन नावाच्या दारूवरून जिन पॅलेस म्हणायचे. दारूवाल्याचा पॅलेस असेल तर कॉफीचा पण पॅलेसच पाहिजे, झोपडी नको, असा तो विचार.

आणि आता चारशे वर्षांचं रूप. दारूबंदीवाल्या लोकांनी त्याआधी बांधलेल्या जागा बऱ्याचदा प्रार्थनामंदिरासारख्या कडक दिसायच्या, बाजारात चिखलाचे बूट घातलेला माणूस तिथं पाय ठेवायला संकोचणार. इथं आर्किटेक्टनी उलट केलं, घोडागाड्यांच्या जमान्यातली जुनी सराई जशी असायची, लाकडी सांगाड्याची, पुढे आलेल्या खिडक्यांची, उतरत्या छपरांची, तसं रूप दिलं. माझं मत असं की ह्या रूपानं त्या माणसाला बाहेरूनच सांगितलं की बाबा ही तुझ्याच ओळखीची जागा आहे, आजोबा पणजोबा उतरायचे तशी, ये आत. ज्याला उपदेश ऐकायचा नाही त्याला भिंतीनं बोलावलं. म्हणून मी ह्याला नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांच्या बाजूचा नाही.

प्रश्न : सर, मी धुळ्याला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात हाफ टिंबर म्हणून एक पान आहे, त्यात काळी लाकडं आणि मधे पांढरी भिंत एवढंच दिसतं. खरं जुनं कोणतं आणि १८८२ सारखं नंतरचं कोणतं हे नुसतं बघून ओळखता येतं का? आणि आपल्या वाड्यांशी ह्याचं काही नातं आहे का?

उत्तर : येतं, आणि शिकायला न्यूअर्कसारखं गाव नाही, कारण दोन्ही नमुने चालत पाच मिनिटांवर आहेत. चौकात, म्हणजे मार्केट प्लेसला, ओल्ड व्हाइट हार्ट नावाची जुनी सराई आहे, तिचा रस्त्याकडचा भाग पंधराव्या शतकातला, लाकडी सांगाड्याचा, आणि त्यावर ओळीनं गिलाव्याच्या छोट्या छोट्या मूर्ती, प्रत्येकीच्या डोक्यावर छत्री. ती पण आता सराई राहिलेली नाही, ऑफिस झालंय. त्याच चौकात क्लिंटन आर्म्स म्हणून मोठं हॉटेल होतं, ते वेगळ्या काळातलं, सरळ रेषेतल्या खिडक्यांचं. १८३२ मध्ये ग्लॅडस्टन, जो पुढे चार वेळा पंतप्रधान झाला, तो बावीस वर्षांचा असताना न्यूअर्कमधूनच पहिल्यांदा निवडून आला आणि त्याचं भाषण ह्याच हॉटेलातून झालं. हे सगळं लंडनहून एडिंबराला जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडमुळे, आपलं धुळं जसं मुंबई आग्रा रोडमुळे. १८४६ ला न्यूअर्कला पहिली रेल्वे आली, १८५२ ला दुसरी, आणि घोडागाड्यांच्या सरायांचा धंदा गेला.

आता ओळखायचं कसं ते सांगतो. लाकूड बघ. जुन्या कामात ओक वापरायचे आणि तोही ओला, तोडल्यावर लगेच, कारण वाळलेला ओक लोखंडासारखा कडक होतो, पटाशी चालत नाही. ओला असताना सांधा करायचा आणि वर लाकडी खुंटी ठोकायची, मग पुढच्या काही वर्षांत लाकूड वाळत जातं, पिळतं, आकसतं आणि सांधा आणखी आवळून बसतो. त्यामुळे जुन्या घरात एकही रेघ सरळ नसते, खांब थोडा वाकलेला, तुळई मधे बसलेली, खुंट्यांची डोकी बाहेर डोकावणारी. नंतरच्या कामात लाकूड मशीनवर कापलेलं, सगळे चौकोन नीट, आणि खूप ठिकाणी तर मागे विटांची भिंत आणि त्यावर नुसत्या फळ्या मारलेल्या असतात, भार काहीच घेत नाहीत. चांगल्या आर्किटेक्टच्या आणि हलक्या ठेकेदाराच्या कामातला फरक तिथंच कळतो.

काळ्या रंगाचं पण एक आहे. तुझ्या पुस्तकातलं काळं पांढरं हे बरंचसं एकोणिसाव्या शतकाचं देणं. त्याआधी ओक तसाच उघडा ठेवायचे, तो हळूहळू राखाडी चंदेरी होतो, किंवा लाकडासकट सगळ्यावर चुन्याची सफेदी मारायचे.

आणि वरचा मजला रस्त्यावर पुढे का काढतात हे नीट समजून घे, परीक्षेला नाही विचारलं तरी. वरच्या मजल्याच्या कड्या, म्हणजे जमीन पेलणारी आडवी लाकडं, खालच्या भिंतीच्या बाहेर हात दोन हात काढायच्या आणि त्यांच्या टोकावर वरची भिंत उभी करायची. टोकावर वजन आलं की कडी तिथं खाली दाबली जाते आणि खोलीच्या मध्यावर तेवढी कमी झुकते, लहान मुलांच्या सीसॉसारखं. जागा पण वाढते, जमीन पण कमी हलते. ह्याच्या जवळचं आपल्याकडे म्हणशील तर वाड्याचा सज्जा, लाकडी घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून निघालेल्या आधाराच्या लाकडांवर, तोललेला.

नातं आहे का विचारलंस. भिंतीत आहे, एकदम सख्खं. त्या लाकडी चौकटीमधली पांढरी भिंत कशाची असते? उभ्या काठ्या बसवायच्या, त्यात हेझल नावाच्या झुडपाच्या लवचिक फांद्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, गवताचा भुसा, शेण एकत्र मळून थापायचं, वरून चुना. अरे हा तर आपला कुड झाला! आपल्याकडे तुराट्या पऱ्हाट्या, तिकडं हेझल, शेण दोन्हीकडे गाईचंच. माझ्या आईच्या मामांच्या घरी यावल तालुक्यात मागचा गोठा अजून कुडाचा आहे, त्या भिंतीला कान लावला की आत तुराटीची पोकळी वाजते.

आणखी एक गोष्ट जी मी स्वतः हात लावून पाहिली. काही वर्षांपूर्वी यावलमधला एक वाडा उतरवत होते, तेव्हा खाली काढून ठेवलेल्या सागाच्या तुळयांवर मला पटाशीनं मारलेल्या रेघा दिसल्या. एका तुळईच्या कुसवावर, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या टोकावर, तीन उभ्या रेघा, आणि शोधत गेलो तर एका खांबाच्या खोबणीशेजारी पण तीनच रेघा, खोल, नखानं लागतील अशा. चार रेघांवाल्याला चार रेघांवाला. म्हणजे सुतारानं सगळा सांगाडा आधी खाली जमिनीवर जुळवला, नंबर टाकले, परत सुटा केला आणि मग वर चढवला. इंग्लंडातल्या जुन्या सांगाड्यांवर पण सुतारांच्या अशाच खुणा सापडतात, ते रोमन आकडे टाकायचे कारण पटाशीनं सरळ रेघाच मारता येतात. तिकडचा ओकवाला आणि आपल्या सातपुड्याच्या सागावाला, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही आणि दोघांची पद्धत एक. मी त्या ढिगाशेजारी अर्धा तास बसून होतो. तू पण वाडा पाडताना दिसला की थांबत जा, मोबाईल काढ, सांध्यांचे फोटो घे, कारण पाडताना जेवढं दिसतं तेवढं उभ्या वाड्यात कधीच दिसत नाही.

फरक मात्र छपराचा. त्यांच्याकडे रिपरिप पाऊस नि बर्फ, म्हणून उंच उतरतं कौलारू छप्पर आणि धुराच्या चिमण्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीसचा पारा, म्हणून मातीचं जाड धाबं, दिवसा खाली गार आणि रात्री वर झोपायला गच्ची.

प्रश्न : दादा, तुम्ही ग्रुपवर टाकलेलं वाचलं. मी बचत गटात काम करते, गावात दारूबंदीसाठी आम्ही बायकांनी दोनदा मोर्चा नेला. मला एवढंच सांगा, त्या बाईंच्या हॉटेलात माणसं आली का? दारू सुटली का? (पाचोऱ्याहून एक वाचक)

उत्तर : ताई, सरळ सांगतो, धंदा म्हणून ते काही चाललं नाही. गावातले पब राहिले, बिअर बनत राहिली. इमारत नंतर वेगवेगळ्या कामांना वापरली गेली आणि दारू न विकणारं हॉटेल ही तिची ओळख फक्त नावात उरली. अशी कॉफीची मोठी घरं त्या काळात इंग्लंडात गावोगाव निघाली होती आणि बरीचशी थोड्या वर्षांत बंद पडली.

पण तुम्ही विचारलंय म्हणून माझ्या मनातलं सांगतो. लेडी ऑसिंग्टननी बंद करा बंद करा एवढंच म्हटलं नाही, माणसानं संध्याकाळी जायचं कुठं ह्याचं उत्तर दगड विटांत बांधून दिलं. आपल्या किती गावांत माणसाला संध्याकाळी बसायला, पेपर वाचायला, पावसात टेकायला जागा आहे? पार असतो, पण पाराला छप्पर नाही आणि बाईमाणसाला तर तोही नाही. तुमच्या गटाला ग्रामपंचायतीकडे मागायचंच असेल तर मोर्च्यासोबत एका वाचनालयाची खोली मागा, ओट्यासकट, दिव्यासकट, रात्री नऊपर्यंत उघडी. प्लॅन मी काढून देतो, फी नको.

प्रश्न : ह्या जॉर्ज आणि पेटोचं भारतात काही बांधकाम आहे का? (नंदुरबार)

उत्तर : माझ्या माहितीत त्यांचं नाही, पण त्यांच्या ऑफिसात शिकलेल्या दोन पोरांचं आहे आणि ते तुम्ही रोज टीव्हीवर बघता. हर्बर्ट बेकर १८८२ पासून काही वर्षं जॉर्ज आणि पेटोकडे कामाला होता, म्हणजे कॉफी पॅलेस झाला त्याच वर्षी लागला, आणि एडविन लुटियन्स १८८७ मध्ये तिथं आला. दोघांची ओळख तिथलीच. पुढे नवी दिल्ली बांधायला हेच दोघं, राष्ट्रपती भवन लुटियन्सचं, नॉर्थ आणि साउथ ब्लॉक बेकरचे, आणि रायसीना टेकडीच्या चढावरून राष्ट्रपती भवन पूर्ण दिसत नाही ह्यावरून दोघांचं जे वाजलं ते बरीच वर्षं मिटलं नाही.

प्रश्न : नमस्कार. एरंडोलला आमचा आजोबांच्या काळचा दुमजली वाडा आहे, खाली दुकान गाळे, वर चार खोल्या. पूर्वी बाजाराला येणारे व्यापारी तिथं मुक्कामाला राहायचे, आजोबा खोलीचे दोन पैसे घ्यायचे म्हणे. आता खालच्या मातीच्या भिंतींना ओल येते, पोपडे पडतात. ठेकेदार म्हणतो सगळीकडून सिमेंटचा गिलावा मारू, वरून टाइल लावू, पन्नास वर्षं बघायला नको. भाऊ म्हणतो पाडून आरसीसी करू. काय करावं? इंग्लंडात अशा जुन्या हॉटेलचं काय करतात?

उत्तर : भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं आधी थोडक्यात सांगतो. १९४७ च्या कायद्यानं तिकडं जुन्या इमारतींची यादी करायला सुरुवात झाली, आज त्या यादीत जवळपास चार लाख नोंदी आहेत, ग्रेड वन, टू स्टार आणि टू. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती साध्या ग्रेड टूमध्ये. ऑसिंग्टन कॉफी पॅलेस पण यादीत आहे. यादीत असलेल्या इमारतीची खिडकी बदलायची तरी परवानगी लागते आणि न विचारता तोडफोड केली तर तो गुन्हा. पण वापर बदलता येतो, हे महत्त्वाचं. हॉटेल बंद पडलं म्हणून इमारत मेली असं नाही, दुकान होतं, ऑफिस होतं, राहती घरं होतात. आपल्याकडे १९५८ चा पुरातत्त्व कायदा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे, पण ते मोठ्या स्मारकांसाठी. तुमच्या वाड्याला वाचवायला कायदा येणार नाही, तुम्हालाच बघायचंय.

आता सिमेंट. हात जोडून सांगतो, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका. मातीची भिंत जमिनीतलं पाणी थोडं वर ओढते आणि अंगातून बाहेर टाकते, वाळते, परत ओढते. आपल्या काळ्या मातीच्या जमिनीत तर पावसाळाभर पाणी धरून असतं. वरून सिमेंट मारलं की बाहेर पडायची वाट बंद, मग ते पाणी आतच वर चढतं, दोन फुटांवरची ओल चार फुटांवर जाते आणि शेवटी तुळईचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं तिथं पोचते. चोपड्याला आमच्या काकांच्या घरी हेच झालं. ठेकेदारानं छान गुळगुळीत गिलावा करून दिला, दिवाळीत सगळे खूश, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर माडीची जमीन एका कोपऱ्यात दबायला लागली. गिलावा फोडून बघितलं तर तुळईचं टोक, चांगला जुना साग, हातानं चुरगळलं असं झालेलं, वास ओल्या तंबाखूसारखा. सागाचा गाभा सहसा वाळवी खात नाही, पण सतत ओला कोंडून ठेवला तर तो तरी काय करणार. काकांना पूर्ण तुळई बदलावी लागली आणि तेवढ्या लांबीचा साग आता मिळतो कुठं.

इंग्लंडवाल्यांनी पण विसाव्या शतकात हीच चूक केली. ओकच्या चौकटीतली मातीची भिंत काढून सिमेंट भरलं, ओक पावसात फुगतो उन्हात आकसतो, सिमेंट जागचं हलत नाही, मधे फट पडते, फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला मार्ग नाही, खालची आडवी लाकडं कुजली. आता ते लोक पैसे खर्च करून तेच सिमेंट काढतायत आणि परत चुना लावतायत.

तुम्ही काय करायचं ते असं. पहिलं काम भिंतीचं नाहीच, पाण्याचं. गल्लीचा रस्ता दर वेळी काँक्रीट करताना उंच होत गेला असणार आणि तुमचा ओटा खाली गेला असणार, पावसाचं पाणी भिंतीशी थांबत असेल तर आधी ते लांब काढा, गटार करा. पन्हाळ तपासा, धाब्यावर कुठं खड्डा पडून पाणी साचतं का बघा आणि पावसाळ्याआधी खारी माती टाकून उतार नीट करून घ्या. निम्मी ओल एवढ्यानंच जाते. मग एक उन्हाळा भिंत तशीच वाळू द्या. घाई करू नका, पोपडे दिसतात तर दिसू द्या.

त्यानंतर चुन्याचा गिलावा. कळीचा चुना आणून पाण्यात विझवायचा. विझताना तो उकळतो, पोरांना लांब ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यायचा, जितका जुना तितका लोण्यासारखा. एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू, चांगली मळून. पूर्वी चुन्याच्या घाण्यात बैल फिरवून मळायचे, आता मिक्सरची पॅन मिळते, पण मळणं पाहिजेच. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर घालायचे, माहितगार गवंडी असेल तर घालू द्या, नसेल तर प्रयोग करू नका. थर पातळ द्या, एक वाळायच्या आत दुसरा चढवू नका, आणि भर उन्हात हे काम नको. आपल्याकडच्या मे महिन्यात चुना वरून वाळतो नि आतून कच्चा राहतो, दिवाळीनंतरचा थंडीचा काळ सगळ्यात चांगला, तेव्हाही आठ दहा दिवस गोणपाट ओला करून टांगून ठेवा.

पाडून आरसीसी करायचं का, ते घर तुमचं आहे, भावाचंही आहे, त्याची अडचण मला माहीत नाही. पण तुम्ही लिहिलंय की वर चार खोल्यांत बाजारचे व्यापारी मुक्कामाला राहायचे, म्हणजे तुमचा वाडा हा एरंडोलच्या बाजाराचा छोटा न्यूअर्कच आहे, आणि त्या चार खोल्यांना स्वतंत्र जिना, बाहेरच्या बाहेर हात धुवायची मोरी, कोनाडे, खुंट्या असं काही असणार, जे राहत्या घराला लागत नाही. भावाला घेऊन एकदा त्या खोल्या मोजा, प्रत्येक खणाचं माप, दाराची उंची, कुठं खुंटी कुठं कोनाडा, कागदावर काढा. पाडायचं ठरलं तरी तो कागद राहील आणि नाही ठरलं तर तोच कागद दुरुस्तीला लागेल.

आणि ठेकेदाराला काम सुरू करू देण्याआधी एक करा. माडीखालच्या तुळया भिंतीत जिथं शिरतात त्या प्रत्येक टोकाशी जाड सुई किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर लावून दाबून बघा. टणक लागलं तर खूण करून पुढे जा, दाभण घातल्यासारखा आत गेला तर तिथंच थांबा, त्या तुळईखाली लगेच लाकडी टेकू द्या, वरच्या खोलीतलं धान्याचं वजन उतरवा आणि मला त्या टोकाचा जवळून काढलेला फोटो पाठवा, फूटपट्टी शेजारी ठेवून. मी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एरंडोलवरून जातो, येऊन बघतो.